एकाच उल्लेखाची शाल

फाहाहीलमध्ये जूनच्या दुपारी
गार पाण्याच्या नळालाही गरमच पाणी येतं
आणि खोलीत एसी सोळावर,
म्हणून मी लोकर विणते. हसू नका.

कादंबरी सामानातून आली, लोणच्याच्या बरणीला खेटून,
तेलाचा डाग बाराव्या प्रकरणापर्यंत उतरलेला.
तीनशे चाळीस पानं,
आणि द्वारकीच्या शालीचा उल्लेख एकदाच,
तोही शेवटच्या पानावर: घडी घातलेली होती, एवढंच.
रंग नाही, वीण नाही, कुणी दिली ते नाही.
मामलेदाराच्या मिशांना मात्र दीड पान.

तेव्हा म्हटलं, आपणच विणू.

सूकमागच्या इराणी म्हाताऱ्याला सांगितलं,
राखाडी दे, पण पहाटेच्या नदीचा.
तो थांबला. या देशात नदी नाही.
मग शिडीवर चढून
त्यानं वरच्या फळीवरून खाडीचा रंग काढला
आणि सोन्यासारखा तोलला.

नकाशा वाचायला खालच्या मजल्यावरची रोवेना शिकवते.
चौकोनात गोल म्हणजे दोरा गुंडाळ, भोक पाड.
तिरकी रेघ म्हणजे दोन टाक्यांचा एक कर.
जितकी भोकं, तितके टाके मिटवायचे,
नाहीतर शाल फुगते.
माझ्या नवऱ्याचा पगार असाच विणलेला असतो.

विणता विणता मी तिला गोष्ट सांगते,
अर्धी हिंदीत, अर्धी हातवाऱ्यांनी.
तिला मराठीतला एकच शब्द येतो: मग?
मग सासरा किल्ल्या काढून घेतो.
मग दीर पत्र फोडतो.
किल्ल्यांच्या दिवशी माझा टाका सुटला,
अकरा ओळी खाली घसरत गेला.
रोवेनानं क्रोशाच्या सुईनं
पायरी पायरीनं वर आणला,
च्युइंगम चघळत, न बोलता.

तिचा मुलगा सहा वर्षांचा आहे.
त्याला ती फोनच्या काचेत मोठा होताना बघते.

शुक्रवारी तिनं विचारलं, मग?
शेवटचं पान मला पाठ आहे.
घडी घातलेली शाल
विहिरीच्या कठड्यावर होती.
मी म्हटलं, मग नावाडी येतो.

पुस्तकात नावाडी नाही.
पण एकदा आला म्हटल्यावर
द्वारकीला नावेत बसवणं आलं,
पलीकडे थंडी असणार,
काठ चार बोटं तरी रुंद हवा.
लोकर संपली.
म्हातारा म्हणाला, तो लॉट गेला, हा घे,
जवळजवळ तोच.
जवळजवळ. जरा निळा.

काल शाल टबात भिजवली, पिळली नाही,
गादीवर ताणून दोनशे टाचण्या लावल्या.
तोवर बोळा होता नुसता.
ताणल्यावर एकेक भोक डोळा उघडावं तसं उघडलं.
रोवेना गुडघ्यांवर बसून बोट फिरवत गेली
आणि काठापाशी थांबली:
इथून रंग बदललाय.
इथून नाव सुटते, मी म्हटलं.
ती बराच वेळ त्या ओळीकडे बघत राहिली.

पुस्तक कपाटात ठेवलं,
शेवटचं पान आतल्या बाजूला दुमडून.

नवरा रिफायनरीतून आला, हेल्मेट हातात,
मी झोपू कुठे म्हणाला.
हॉलमध्ये, म्हटलं. आजच्या दिवस.
गादीवर नदी वाळते आहे.