वितभर घर

बिरकत अल-मौझच्या नाक्यावर पोलिसानं
गाडी फोर-व्हीलच आहे ना पाहिलं, मग हात केला : जा वर.
मागे कुदो-सान, मांडीवर निळी ताडपत्री,
पायाशी बर्फाची पेटी. बर्फ आमच्याच प्लांटचा,
बरक्याच्या समुद्रातून काढलेला;
त्याचे क्षार गुरुवारी मीच मोजलेले.

हमूदचा फोन काल आला. "जर्दाळू उमलला." एवढंच.
कुदो-सान म्हणाले, आमच्याकडे हे बातम्यांत सांगतात,
कुठल्या गावी किती आणे बहर.
माझ्या गावचं नाव शेवटी,
कारण आमचा बर्फ जायलाच तयार नसतो.

सैकच्या खालच्या टप्प्यावर सहा झाडं. सहाच.
फलजच्या पाण्यात पाकळ्या, घाई नसल्यासारख्या.
ताडपत्री अंथरली, बूट ओळीत ठेवले.
डबे उघडले नाहीत : हमूदचा रोजा.
फुलं बघायला आलेलो, फुलंच बघितली.

तीनच्या सुमारास जबल शम्सकडून ढग आला.
कुदो-सान मान वर करून : पांढरं पडेल का?
हमूद पुटपुटत होता. मला वाटलं, मागणं तेच.
"गारा झाल्या तर एक फळ धरणार नाही," तो म्हणाला.
दोघांमधली दुभाषी मी. किती सांगू?
सगळं सांगितलं.
कुदो-सान गप्प. मग तेही ढगापुढे हात जोडून
जपानीत काही बोलले. अर्थ मी विचारला नाही.

ढग इझकीकडे गेला.

मग त्यांनी पेटी उघडली. बर्फ ठेचून, थापून,
चमच्यानं पोखरून वितभर घर केलं.
गावी माणूस मावेल एवढं करतात, फेब्रुवारीत,
आत पाण्याची देवता बसवतात, आणि मुलं
येणाऱ्याजाणाऱ्याला हाका मारतात : आत या, गरम घ्या.
आमच्या घरात वाढदिवसाची उरलेली मेणबत्ती.
घर लगेच एका अंगाला कललं. खाली ताट सरकवलं.

अजान झाली तेव्हा छप्पर नव्हतं.
हमूदनं खजूर खाल्ला, इकडेतिकडे पाहिलं,
बोटानं मेण बाजूला सारून
ताटच तोंडाला लावलं.
"गोडं आहे."
माझ्याकडे आकडा होता. नाही सांगितला.

जूनमध्ये तीन नंबरच्या पंपावर झाकायला
तीच ताडपत्री काढली. कुदो-सान तेव्हा अकिताला.
घडीत नऊ पाकळ्या, चहाच्या रंगाच्या.
झटका, फोरमन म्हणाला.
मी घडी होती तशी घातली.
म्हटलं, दुसरी आण.