बाकी तीन रुपये

वकील म्हणाले, स्थापनेचा पुरावा हवा,
लोगोखाली साल टाकायचंय.
मी ट्रंकेतून वही काढली,
लाल कापडी पाठीची, कडा कसरीने खाल्लेल्या.
पहिल्या पानावर वडिलांचं अक्षर,
वाऱ्यात चालल्यासारखं एका बाजूला कललेलं:

'गोरेवाडी इलेव्हन. ता. ९ नोव्हेंबर १९६८.
एक बॉल, रुपये बावीस. जमा एकोणीस.
बाकी तीन. केरू सातपुते यास देणे.'

वडील, देवदान उजागरे, नोटांच्या छापखान्यात होते.
दिवसभर कोऱ्या नोटांचे गठ्ठे मोजायचे,
सुटताना गेटवर खिसे उलटे करून दाखवायचे
आणि तसेच उलट्या खिशांनी मैदानावर यायचे.
अकरांतले नऊ प्रेसचे.
नाशिकरोडला लोक हसत:
पैसा छापणाऱ्यांकडे बॉलमध्ये हवा भरायला पैसा नाही.
पंप सायकलवाल्या इस्माईल पिंजारीचा,
म्हणून तो सेंटर फॉरवर्ड.
पुढे कळलं, खेळायचाही बरा.

केरू देवळाली कॅम्पात तोफखान्याचे बूट शिवायचा.
बुटाच्याच चामड्याचा त्याने बॉल शिवला,
मारला की जरासा डावीकडे जाणारा.
त्यावर शिकलेली अख्खी पिढी
नंतर चांगल्या बॉललाही उजवीकडचा नेम धरायची
आणि गोल का चुकतो म्हणून एकमेकांवर ओरडायची.

एकदा तो मालगाडीच्या उघड्या डब्यात पडून
मनमाडला गेला.
वडिलांनी स्टेशनमास्तरांना पत्र लिहिलं, 'सप्रेम नमस्कार' घालून.
आठव्या दिवशी पार्सल आलं.
वहीत आहे: हमाली, पंचाहत्तर पैसे.

बनियन आई रंगवायची, धुण्याच्या निळीत.
कुणाचं आभाळ, कुणाचं शाईचा डाग.
त्या निळ्याला आता नंबर आहे,
त्याच्यावर कंपनीचा हक्क आहे.

कंपनी म्हणजे पिंपळगावचे द्राक्षवाले दोघे भाऊ
आणि पुण्याचा कुठलासा फंड.
माणसं वाईट नाहीत. चहा स्वतः ओततात.
आमच्या बबन लोणेची बोटं तीनदा मोडली,
तिन्ही वेळा बिटको दवाखान्यात मीच बांधली,
दुसऱ्या दिवशी तशाच बोटांनी तो मशीनवर.
त्याचा नातू आता दोन नंबरचा गोलकीपर.
त्याला फिजिओ आहे, विमा आहे,
एक तारखेला पगार आहे.
हे वाईट झालं असं कोणत्या तोंडाने म्हणू?

ऑडिटरने विचारलं, जुनी काही देणी?
म्हटलं, तीन रुपये.
तो हसला. मी हसले नाही, तेव्हा त्याने पेन खाली ठेवलं.
म्हणाला, मॅडम, कंपनी देणी घेत नाही.
साल घेते.

त्याला सांगायचं राहिलं
की एकाहत्तर साली वडील पैसे घेऊन कॅम्पात गेले होते.
केरूने हात मागे घेतला.
'राहू द्या, मास्तर.
फिटले तर मला कोण विचारतंय?'
मग मरेपर्यंत प्रत्येक मॅचला आला,
कॉर्नरच्या झेंड्याशी उकिडवा बसून
आपले तीन रुपये कसे पळताहेत ते बघायला.
हरलो की म्हणायचा, व्याज बुडालं.

सही केली. वही दिली.

पहिल्या मॅचला पास पाठवला त्यांनी, दिव्यांखालची मॅच.
मिझोरामचा एक पोरगा, घानाचा एक,
आणि बॉल अगदी सरळ जाणारा.
आत शिरताना भिंतीवर काचेत आमचं पान,
सोनेरी चौकट, खाली छोटा दिवा.
गोरेवाडी इलेव्हन. ता. ९ नोव्हेंबर १९६८.
एक बॉल, रुपये बावीस. जमा एकोणीस.
पुढे पुठ्ठ्याची कड.

मागची बाई फोटो काढायला थांबली होती.
तिला मी बोट लावून दाखवलं,
इथे, याच्याखाली, अजून एक ओळ आहे.

गार्ड म्हणाला, मावशी,
काचेला हात लावू नका.