भरतीचा तक्ता

एल्फेज कोमो तिसऱ्यांदा पडले तेव्हा
फॉर्म मीच भरला.
वार: मंगळवार. वेळ: सकाळी आठ पन्नास.
जागा: खिडकीजवळ. कारण: अज्ञात.
आधीच्या दोन फॉर्मांवरही तेच, निराळ्या अक्षरांत:
सोमवारी रात्री दोन दहा,
गुरुवारी पहाटे चार चाळीस.
आम्ही पलंग खाली घेतला होता,
रबरी ठिपक्यांचे मोजे चढवले होते,
गादीखाली भोंगा बसवला होता
जो माणूस पडून झाल्यावर वाजतो.

सातला पाळी बदलते.
जाणारी कोट चढवत बोलते,
येणारी कोट उतरवत ऐकते.
"बारा नंबर?"
"झोपलेले. तीन नंबरचं पथ्य बघ—"
दोन बाह्यांच्या मधून
एक अख्खी रात्र गळून पडते.

ओडेट फरशी पुसते. नऊ वर्षं झाली.
आमच्या बैठकीत तिला खुर्ची नाही.
ती बाहेर ओल्या फरशीची पिवळी पाटी मांडत असते.
त्या मंगळवारी खिडकीखालचं रक्त
पुसता पुसता म्हणाली,
"भरती होती ना. बोट सुटायची वेळ.
रोज पाऊण-एक तास पुढे सरकते ती.
हे आपले बूट शोधायला उठतात."

तुला कधीपासून माहीत?
"आले तेव्हापासून. माझा बाप असाच उठायचा."
मग बोलली का नाहीस?
तिनं फडकं पिळलं.
"कुणाला?"

धक्क्यावरच्या दुकानातून मी तक्ता आणला,
नोंदवहीच्या पहिल्या पानावर डकवला.
मारिविकला समजावून सांगावं लागलं नाही,
ती दुसऱ्या समुद्रातल्या बेटावर वाढलेली.
वेळेच्या वीस मिनिटं आधी
ती बूट पुढ्यात ठेवी, कोपराला धरून
त्यांना काचेपर्यंत नेई.
खाली सेंट मेरीचा उपसागर काळा, भरलेला.
"उधाण आहे," ते म्हणत.
किंवा, "भांगाचं पाणी. आज काय मिळणार?"
आणि निमूट परत निजत.

सात आठवडे एकही फॉर्म नाही.

नोव्हेंबरात घड्याळं तासभर मागे घेतली.
तक्त्यावर जुनेच आकडे राहिले.
समुद्राला कुणी कळवलं नव्हतं.
मारिविक बूट घेऊन गेली तेव्हा
ते तासाभरापासून जमिनीवर, भिंतीला टेकून,
एक मोजा हातात.
"उशीर केलास पोरी," म्हणाले,
"बाकीचे गेले."

हाड मोडलं नव्हतं.

सातला मी सगळ्यांना बसायला लावलं,
कोटांसकट.
ओडेट उंबऱ्यावर, बादली हातात.
ये, म्हटलं. आली.
फॉर्म पुढ्यात होता,
'कारण'पाशी माझं पेन अडलं.
तिनं हात अ‍ॅप्रनला पुसले,
पेन माझ्या बोटांतून काढून घेतलं
आणि लिहू लागली.
ओळ संपली. समास संपला.
तिनं कागद उलटा केला.