तांब्या हलवू नकोस

ही घे चावी, रूबेन.
दार जरा वर उचलून धर, मग फिरव.
पावसाळ्यात लाकूड फुगतं,
आणि सुतार कोणता यावर कमिटीचं एकमत होत नाही.

हार्मोनियमची एक काळी पट्टी मुकी आहे.
शांतवन तिला चुकवून वाजवतो.
दुरुस्त करू नकोस इतक्यात,
त्याचं बोट तिथं उतरायचंच विसरलंय.

गीतांच्या वह्यांना तंबाखूचा वास येईल.
निपाणीत सगळ्यालाच येतो:
बाप्तिस्म्याच्या झबल्याला, अर्पणाच्या नोटांना,
आणि दोनेक वर्षांनी तुझ्याही झग्याला.

मी नगरहून आलो तेव्हा
पेटीत सव्वीस प्रवचनं होती,
प्रत्येकाचे तीन मुद्दे.
समोर बायका बसायच्या, विड्यांचं सूप घरी ठेवून,
आणि मी बोलत असताना त्यांची बोटं
पदराच्या काठावर वळत राहायची
रिकाम्याच विड्या.
एकदा चिडून म्हणालो,
देवाच्या घरात तरी हात थांबवा.
दारात चपला शोधत सलोमीबाई म्हणाली,
"थांबवलं असतं वो, पर ध्यान तुटतंय.
दर कट्ट्याला एक नाव घेत्ये मी.
काल तुमचंबी घेटलं."
त्या आठवड्यात मी
कुणाचंच नाव घेतलं नव्हतं.
प्रवचन लिहीत होतो.

पाटीचंही सांगून ठेवतो.
मराठी वर की कानडी, यावरून
एका ईस्टरला चार घरं आलीच नाहीत.
मी दोन्हीकडे वचनं दाखवत फिरलो.
शेवटी रंगाऱ्यानंच कंटाळून दोन पाट्या केल्या,
दाराच्या डावीकडे एक, उजवीकडे एक.
आता वाद एवढाच उरलाय
की उजवं कुठलं,
आत येतानाचं की बाहेर जातानाचं.

आणि पुलपिटाजवळचा हा पितळी तांब्या.

पहिल्याच उन्हाळ्यात येसप्पा होसमनी गेला.
मार्थाक्का डॉक्टरला आणायला धावलेली,
खोलीत तो आणि मी.
बायकोशी जन्मभर मराठीत बोललेला माणूस
माझं मनगट धरून एकच शब्द म्हणत होता.
नीरू. नीरू.
मला वाटलं, लेक असेल.
दूर दिलेली, रुसलेली.
मी गुडघे टेकले आणि नीरूसाठी
लांबलचक प्रार्थना केली.
तिचं मन वळव म्हणालो, तिला घरी आण.
तो बघत राहिला माझ्याकडे.
खिडकीत माठ होता.

मातीच्या वेळी मी चांगलं बोललो, असं लोक म्हणाले.
मार्थाक्काला हळूच विचारलं,
नीरूला कळवलंत का?
तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला.
म्हणाली, "कळवत्ये."

पुढच्या रविवारी तांब्या आला, वर फुलपात्र उपडं.
मला वाटलं, माझ्या घशासाठी.
दुसऱ्या आणि तिसऱ्या मुद्द्याच्या मधे
मी घोट घोट प्यायचो.

दिवाळीनंतर संकेश्वरच्या स्टँडवर
एक पोर आईचा पदर ओढत होतं.
नीरू, अव्वा, नीरू.
आईनं बाटलीचं झाकण उघडलं.
माझी बस निघून गेली. पुढचीही.

सांगायला किती वर्षं लावली विचारू नकोस.
एका संध्याकाळी गेलो तिच्याकडे,
उंबऱ्यावरच घसा दाटला,
शब्द बाहेर येईना.
ती उठली.
"पाणी घेणार?" म्हणाली,
आणि मी बसून ते प्यायलो, सगळं.

त्यानंतर कुणी खाटेवरून काही पुटपुटलं
की मी आधी माठ शोधतो.
प्रार्थना मग. कधी कधी राहूनही जाते.

ती अजून येते, रविवारी साडेसातला,
गुडघे दुखतात तरी. दार लवकर उघड.
भरू दे तिला. मदत करायला जाऊ नकोस.
कुणी विचारलं कशासाठी,
तर सांग, पाळकाच्या घशासाठी.