तोर्यालय

पहिला बोर्ड करून घ्यायला आला तेव्हा
मी म्हटलं, नाव सांगा, सावकाश.
तो म्हणाला, तोर्यालय.
खडू थांबला माझा.
ग्रंथालय, भोजनालय, शौचालय
रंगवून रंगवून हात बसलेला;
विचारलं, तोऱ्याचं आलय? आत काय ठेवणार?
हिंग, म्हणाला. जर्दाळू. थोडे बेदाणे.
आणि नाव माझं आहे, दुकानाचं नाही.

लक्ष्मीपुरीत, गुळाच्या अडतीमागच्या बोळात
साडेतीन फुटी पत्रा. पिवळ्यावर लाल.
खाली मी सवयीनं लिहिलं : उधार मागू नये.
ते त्यानं रॉकेलच्या बोळ्यानं स्वतः पुसलं.
"मागू देत की.
तुमच्या भाषेत माझ्या लोकांचं एकच नाणं चालतं,
पठाणी व्याज.
ते मला बदलून घ्यायचंय."

दुसरा बोर्ड पतसंस्थेचा.
अध्यक्ष शामगोंडा चौगुले, मग तेरा संचालक,
आणि अगदी तळाला, मुंगीएवढ्या अक्षरात,
संस्थापक.
नागरिकत्वाचा कागद त्याच महिन्यात आलेला,
सतरा वर्षांनी.
मी 'नागरी सहकारी' लिहीत होतो
आणि तो त्या 'नागरी'वर बोट ठेवून उभा,
ओला रंग बोटाला लागला तरी.
सोनेतारण : दरसाल दरशेकडा बारा.
तो बाराचा आकडा मी गणपतीपेक्षा मोठा काढला.
मेव्हणा पिग्मी एजंट झाला,
मी रोजचे दहा रुपये टाकू लागलो.

पुढं फ्लेक्स आले. माझा ब्रश वाळला.
पगमान पार्क, ए विंग, बी विंग,
आकाशाला भिडलेली निळी अक्षरं, संगणकातली.
पगमान कुठं, कुणी विचारत नव्हतं.
काबूलजवळ, सफरचंदं असतात,
एवढंच मला एकदा बोलला, चहा पिताना.

मग एके दिवशी मलाच बोलावणं.
नागाळा पार्काच्या खालच्या अंगाला
प्लॉटची जुनी भिंत. तिच्यावर २००५ची पाण्याची खूण,
वॉर्ड ऑफिसच्या सांगण्यावरून मीच मारलेली.
भागीदार म्हणाला, पेंटर, पांढरा हाण, दोन हात.
तोर्यालय मोबाईलमध्ये बघत होता.
मी त्याच्याकडं बघितलं.
तो मोबाईलमध्येच बघत होता.
पाचशे जास्त मिळाले.
पिग्मीत भरले.

एकोणीसच्या ऑगस्टात सगळं कोल्हापूर
राजाराम बंधाऱ्याचे फूट-इंच मोजत जागं.
बी विंगच्या पार्किंगमध्ये होडी फिरली.
पाणी माझ्या पांढऱ्यावर आलं,
जुन्या खुणेच्या चार बोटं वर,
आणि उतरताना स्वतःची रेघ स्वतः मारून गेलं, गाळाची.

भागीदाराचा फोन लागेना.
पतसंस्थेपुढं रांग.
तोर्यालय स्टुलावर चढला :
"माझ्याकडचं संपेपर्यंत शटर पडणार नाही."
गाडी गेली, न विकलेले फ्लॅट गेले,
उजळाईवाडीची जमीन गेली.
शेवटच्या लोकांना रुपयाला सत्तर पैसे.
ते अजून म्हणतात, पठाण शेवटी पठाण.
मी रांगेत चौथा होतो.
मला पूर्ण मिळाले.
मी थांबू शकलो असतो.

दिवाळीनंतर ऑइलपेंटचा डबा घेऊन दारात.
बी विंगच्या खांबावर दोन रेघा, दोन सनं.
"ठळक. रस्त्यावरून दिसली पाहिजे."
वरचे बिऱ्हाडकरू ओरडले, भाव पडतील.
शिडी त्यानं धरली. मजुरी म्हणून तोळाभर हिंग.
घरात आठ दिवस वास.

आता तो बोळातच बसतो, त्याच पत्र्याखाली;
लाल उडालंय, 'आलय' तेवढं वाचता येतं.
परवा टीव्हीवर काबूल. बँकेबाहेर माणसं,
पहाटेपासून, थंडीत, पासबुकं छातीशी.
गिऱ्हाईक ताटकळलं,
तराजू त्याच्या हातात तसाच.
बराच वेळ बघून मला विचारलं,
पावसात आपण विचारतो ना, अगदी तसं :
"किती फूट झालं असेल?"