ओ

तिच्या आईचं नाव दगडावर आधीच आहे,
थॉर्नटन, नऊ वर्षांपूर्वी माझ्याच छिन्नीनं कोरलेलं.
आता खाली बापाचं कोरायचं,
तर सोर्खा म्हणते, ते नको. आमचं खरं घाल.

ओ द्राय्नॉन.
द्रायन म्हणजे इथल्या बांधाबांधावरचं काटेरी झुडूप,
मार्चात पानांआधी पांढरं फुटणारं,
ज्याची काळी फळं चावली की जीभ आवळते.
कुण्या कारकुनानं ऐकता ऐकता
काटा तेवढा उचलला,
वहीत एखाद्या इंग्रज गावासारखं नाव लिहिलं
आणि ओ बाहेर राहिला, पावसात.

ओ म्हणजे नातू.
शंभर वर्षं इथं कुणी कुणाचा नातूच नव्हता.

"तुझ्या नावात तरी कुठंय तो?"
"लेकीला ओ नसतो. नी लागते.
आणि पुढचा द घशातच विरतो."
मग नाक पुसत म्हणाली, "बाबांना तरी असू दे."

अक्षराला चौदा युरो. वरची तिरकी रेघ फुकट.
कोलमन एका ओळीत बसला,
आडनावानं मात्र खालची ओळ काठोकाठ भरली.
डावीकडे उरली तीन बोटं.
तिथं, समासात, घेतला ओ,
दाराशी टोपी काढून उभ्या माणसासारखा.

शनिवारी ती आली. वाकून मोठ्यानं वाचलं.
आधी ओ, मग नाव.
हाक पोचायच्या आतच
कुणीतरी ओ दिलेली.

जाताना तिनं पैसे मोजले,
आणि त्या एका अक्षराचे
वेगळे, माझ्या तळहातावर.