साखळीचा गिलास

पोळा होऊन चार दिवस झाले होते.
मानवतला वारा पडलेला, अंगाला कपडा चिकटत होता,
आणि शिवन्या बोलायची थांबली.

ताप होताच. पण तापात ती बडबडते,
पंख्याशीसुद्धा भांडते.
या वेळी नुसती लाळ,
हनुवटीवरून फ्रॉकवर, फ्रॉकवरून माझ्या खांद्यावर.
वरणभात पुढं केला
तर त्याच्याकडं पाहूनच रडली,
आवाज न करता.

सिंधूमावशी म्हणाली, उष्णता झाली, जिऱ्याचं पाणी पाज.
समोरचा बन्सी म्हणाला, तोंड आलंय, मधात टाकणखार लाव.
सासूबाई फोनवर, सेलूहून:
"काहून सुई देईनास माय लेकराला?"

मी मोबाईलची बॅटरी लावली. आ कर.
जिभेच्या पार मागं, जिथं घास अंधारात शिरतो,
पडजिभेच्या दोन्ही अंगांना
राजगिऱ्याएवढे पांढुरके फोड,
एकेकाला तांबडी कड.
पाच मोजले.
सहावा मोजायच्या आत तिनं तोंड मिटलं
माझ्या बोटावर.

केसपेपरच्या कोऱ्या बाजूला
डॉक्टर नाझनीननं घसा काढला,
चुलीच्या तोंडासारखा, आत सहा ठिपके.
विषाणू आहे, म्हणाली. पोरापोरांत फिरतो,
लाळेतून, नाकाच्या पाण्यातून, शीच्या हातातून.
आठवड्याभरात आपला आपण निघतो.
"मंग सुई?"
"सुई नाही."
"अँटिबायोटिक तरी?"
"ते याला ओळखतसुद्धा नाही."
तापाचं औषध वजनावर, गार दूध, गार पेज,
आंबट-तिखट नको, टाकणखार तर नकोच.
आणि शूकडं लक्ष ठेवा.
सहा-आठ तास झाली नाही, लेकरानं मान टाकली,
तर सकाळची वाट बघू नका, या.

सुईवाचून दवाखान्यातून परत येणं
आमच्या गल्लीत मोड कमी घेतल्यासारखं असतं.
मी उठले, तर ती म्हणाली,
अंगणवाडीत पाणी कशानं पितात लेकरं?

मी तिथली मदतनीस.
नळ आठव्या दिवशी येतो, पिंप मीच भरते,
थेंब सांडायचा नाही हा नियमही माझाच.
पिंपाला स्टीलचा एकच गिलास,
साखळीनं बांधलेला, कुणी नेऊ नये म्हणून.
भिंतीवर माझ्याच अक्षरात: वाटून खा.
गेल्या सोमवारी तन्झीला पेंगत होती,
तिला खिचडी जाईना.
अर्धा चावलेला घास तोंडातून काढून
तिनं शिवन्याला भरवला,
आणि मी टाळ्या वाजवल्या.
सगळ्यांना वाजवायला लावल्या.

रात्री झोपेत गिळताना
शिवन्याच्या पापण्या आवळतात.
किराणावाल्याच्या फ्रिजमध्ये ठेवलेलं दूध
मी चमच्यानं देते, एक, थांबते, अर्धा.
जिथं नळाच्या दिवसांच्या रेघा मारते
त्याच भिंतीवर तिच्या शूच्या रेघा.
तीन झाल्या.
पहाटे चौथी झाली, तेव्हा मी बाथरूमच्या दारात
लेकरासारखी हसले.

पाचव्या दिवशी तिनं पापड मागितला.
ताप गेला, फोड गेले,
पण शीतून तो अजून काही आठवडे जात राहतो,
असं डॉक्टरनं बजावलं होतं,
म्हणून साबण आता देवळीत नाही, तिच्या हाताला येईल असा.

साखळीची कडी मी चिमट्यानं वाकवून काढली.
घराघरातून गिलास मागवले,
कुणाचा पितळी, कुणाचा आईस्क्रीमचा डबा.
खिचडीच्या आधी सतरा जोडी हातांवर
तांब्यानं पाणी घालते.
पिंप सहाव्या दिवशीच तळाला जातं.
सेविकाबाई म्हणतात, असं केलं तर पुरायचं कसं?
मला उत्तर येत नाही.
मी घालत राहते.

भिंतीवरचं पुसलं नाही.
फक्त खाली एक ओळ वाढवली:
आधी वाट, मग तोंडाला लाव.
वाचता येतं कुणाला तिथं!
साखळी तशीच लोंबते.
तन्झीला येता-जाता ती ओढते,
शाळा सुटल्याची घंटा समजून.